पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजला कावसजी जहांगीर यांनी दिलेले पन्नास हजार आणि खानदेशचा कापूस

पांझराकाठ (साक्री)

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझ्या पुतणीला यंदा पुण्याच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात, ज्याचे आता विद्यापीठ झाले आहे, प्रवेश मिळाला. आमच्या भाऊबंदकीत इंजिनिअर होणारी ती पहिलीच मुलगी, म्हणून तिला पोहोचवायला तिच्या वडिलांबरोबर मीही गेलो होतो. मुळा-मुठेच्या संगमाजवळची ती दगडी मुख्य इमारत पाहत असताना पोरीने विचारले, "काका, ही कोणी बांधली?" पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवूनही मला "इंग्रजांनी" यापलीकडे उत्तर देता आले नाही, आणि ती गोष्ट मनाला लागून राहिली.

घरी आल्यावर थोडे वाचन केले. त्यातून कळले की या इमारतीसाठी मुंबईचे पारशी व्यापारी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी पन्नास हजार रुपये दिले आणि ५ ऑगस्ट १८६५ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते तिची कोनशिला बसली. हे साल वाचून मी थबकलो. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले, तिथला कापूस विलायतेला मिळेनासा झाला, त्यामुळे आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला, एवढे मी इतिहासाच्या पुस्तकातून मुलांना शिकवीत आलो आहे. तो कापूस पिकत होता तो गुजरातेत, वऱ्हाडात आणि आपल्या खानदेशात.

म्हणून दोन प्रश्न आहेत. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने पुण्याच्या कॉलेजला, तेही इंजिनिअर घडवणाऱ्या कॉलेजला, एवढी रक्कम का द्यावी? आणि त्या इमारतीत आपल्या शेतकऱ्याचा काही वाटा होता असे पुतणीला सांगितले तर ते खरे ठरेल का? तिला चुकीचे काही सांगावे असे वाटत नाही.

जुने दप्तर (जळगाव)

गुरुजी, आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. कावसजींविषयी मला जे ठाऊक आहे ते सविस्तर लिहितो.

रेडीमनी हे आडनाव म्हणजे मुळात लोकांनी दिलेले टोपणनाव आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नवसारीहून तीन पारशी भाऊ मुंबईत आले आणि चीनच्या व्यापारात त्यांनी मोठा पैसा मिळवला. त्या व्यापारात अफू होती, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांच्याकडे रोकड केव्हाही तयार, ते रेडीमनी, असे ते नाव पडले आणि घराण्याने ते अभिमानाने लावले. कावसजींचा जन्म १८१२ चा. मात्र एवढ्या मोठ्या घराण्यात जन्मूनही त्यांचे इंग्रजी शिक्षण बेताचेच झाले, आणि वयाच्या पंधराव्या वर्षी ते डंकन गिब कंपनीत गोदामाचे कारकून म्हणून कामाला लागले. माल आत किती आला, बाहेर किती गेला आणि शिल्लक किती राहिली, हे लिहून ठेवायचे ते काम होते.

१८३७ साली ते दोन युरोपीय पेढ्यांचे हमीदार दलाल झाले. हे काम समजून घेतल्याशिवाय त्यांची दानशूरता नीट कळत नाही, असे माझे मत आहे. विलायती पेढीला मुंबईच्या बाजारातले देशी व्यापारी ओळखीचे नसत. कोणाला उधारीवर माल द्यावा, कोणाची पत किती, कोण हंगाम संपताच हात वर करील, हे तिला कळण्याचा मार्ग नव्हता. हमीदार दलाल मध्ये उभा राही आणि गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत तर मी देईन, असा शब्द देई. त्याबद्दल त्याला दलाली मिळे. म्हणजे हा माणूस आयुष्यभर लोकांची पत जोखून आपल्या शब्दावर पैसा उभा करीत होता. १८४६ पासून त्यांनी स्वतःचा स्वतंत्र व्यापार सुरू केला. १८६० साली हिंदुस्थानात पहिल्यांदा प्राप्तिकर बसला तेव्हा मुंबईत त्याचे आयुक्त म्हणून सरकारने ज्यांना नेमले त्यांत कावसजी होते, आणि लोकांना अगदी नकोसा असलेला तो कर त्यांच्या समजूतदारपणामुळे बराचसा सुरळीत वसूल झाला असे मानले जाते.

आता पुण्याविषयी. ही संस्था १८५४ साली भवानी पेठेत एका लहानशा वर्गाच्या रूपाने सुरू झाली. रस्ते, इमारती आणि कालवे यांची कामे सरकारने हाती घेतली होती, पण जागेवर उभे राहून मोजमाप घेणारी, चुना-विटांचा हिशेब ठेवणारी शिकलेली माणसे मिळत नव्हती. अशी दुय्यम दर्जाची माणसे तयार करणे एवढाच त्या वर्गाचा हेतू होता. पुढे १८६० च्या दशकात तिला कॉलेजचा दर्जा मिळून ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली, आणि मग स्वतःच्या इमारतीची गरज निर्माण झाली. फ्रियर साहेबांच्या कारकिर्दीत बहुतेक इमारतींच्या बाबतीत पद्धत अशी दिसते की एखाद्या धनिकाने मोठी रक्कम द्यावी आणि उरलेला भार सरकारने उचलावा. कावसजींचे पन्नास हजार त्याच पद्धतीने आले.

आपण "पुण्याच्या कॉलेजला का" असे विचारले आहे. त्या काळी पुणे आणि मुंबई एकाच इलाख्यात होती आणि विद्यापीठही एकच होते, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर त्यांच्या इतर देणग्यांत सापडते. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले आणि ते सभागृह आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीसाठी दिले, डोळ्यांच्या इस्पितळासाठी दिले, आणि मुंबईच्या रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याची चाळीस कारंजी बांधून दिली. मला ही कारंजी विशेष महत्त्वाची वाटतात. ज्याने भर उन्हात हमाल आणि गाडीवान गोदामाच्या दारात ताटकळताना पाहिले असतील, त्याच माणसाला रस्त्यावर पाणी ठेवण्याचे सुचणार. त्यांच्या दानात जातीपातीची अट दिसत नाही, आणि पारशी समाजापुरतेही ते राहिले नाही.

सरकी (धरणगाव)

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे. तरी गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नावर मला थोडे परखड लिहावेसे वाटते, कारण माझे घराणे चार पिढ्या कापसात आहे.

आमच्या माळ्यावर लाकडी रेचा पडलेला असे. दोन रुळांमधून कापूस ओढला की सरकी अलीकडे पडे आणि रुई पलीकडे जाई. आजी सांगत असे की दिवसभर दांडा फिरवून संध्याकाळी जेमतेम टोपलीभर रुई निघायची आणि दंड भरून यायचे. १८६० च्या दशकातला खानदेशचा बराच कापूस अशाच रेच्यांमधून गेलेला आहे. तिथून तो बैलगाडीने निघे. आपल्याकडे रेल्वे त्याच वर्षांत चाळीसगाव-जळगावकडे सरकत होती, परंतु थळ घाटातला लोहमार्ग सुरू झाला तो १ जानेवारी १८६५ रोजी. म्हणजे युद्धाच्या जवळजवळ सर्व काळात आपल्या कापसाला घाट उतरायला बैलच होते. घाट मोकळा झाला आणि चार महिन्यांच्या आत, एप्रिल १८६५ मध्ये, अमेरिकेतले युद्ध संपले. भाव कोसळले. आगगाडी आली आणि भाव गेला, ही आपल्या भागाची खरी हकीकत आहे.

भाव चढला तेव्हा शेतकऱ्याच्या हातात काहीच आले नाही असे मी म्हणणार नाही. काही पैसा निश्चित आला, त्याच काळात कापसाखालची जमीन वाढली, आणि कलेक्टर ॲशबर्नर यांनी वऱ्हाडातून हिंगणघाटी सरकी आणवून इथल्या शेतात पेरायला लावली. परंतु बहुतेक शेतकऱ्याने पेरणीच्या आधीच सावकाराकडून उचल घेतलेली असे, आणि पीक घरात येण्याआधीच त्याचा धनी ठरलेला असे. गावचा सावकार, बाजारपेठेतला अडत्या, मुंबईचा दलाल आणि विलायती पेढी, असा तो माल वर वर चढत जाई आणि प्रत्येक पायरीवर नफ्याचा मोठा वाटा राहून जाई. त्यातच गाठींमध्ये सरकी, माती आणि पाणी मिसळण्याचे प्रकार एवढे वाढले की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. बदनामी मात्र पिकवणाऱ्याच्या मालाची झाली.

दुसरी गोष्ट अशी की कावसजींची संपत्ती कापसाच्या तेजीतूनच आली, असे म्हणायला आधार नाही. ते १८३७ पासून दलाली करीत होते आणि १८४६ पासून स्वतःचा व्यापार. तेजी आली तेव्हा ते पन्नाशीला पोहोचलेले, बस्तान बसलेले धनिक होते. तेव्हा गुरुजी, पुतणीला "ती इमारत खानदेशच्या कापसावर उभी आहे" असे सांगू नये, ही माझी नम्र सूचना. आपल्या कापसाने मुंबईच्या बाजारात जो पैसा खेळवला त्या पैशाच्या काळात ती उभी राहिली, एवढेच म्हणता येईल.

जुने दप्तर (जळगाव)

सरकी यांची दुरुस्ती मला पूर्ण मान्य आहे. तिला जोडून तारखांची एक गोष्ट नोंदवतो.

मुंबईच्या शेअर बाजारातले वायद्याचे मोठे व्यवहार १ जुलै १८६५ रोजी पुरे व्हायचे होते. त्या दिवशी देणी भागवता न आल्याने पेढ्यामागून पेढ्या बसल्या. बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपनीचे भाव आभाळाला भिडलेले होते, ते मातीमोल झाले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा कापसाचा आणि शेअरचा सम्राट त्यात बुडाला. पुण्याच्या कॉलेजची कोनशिला बसली ती ५ ऑगस्टला, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांनी. मुंबईतला निम्मा व्यापार धाय मोकलून रडत असताना इकडे पाया भरला जात होता.

प्रेमचंदांचेही उदाहरण इथे घेण्यासारखे आहे. त्यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव लागले. दान पडझडीच्या आधीचे असल्यामुळे ते विद्यापीठापाशी सुरक्षित राहिले आणि मनोरा १८७८ साली पुरा झाला, तेव्हा देणाऱ्याची जुनी श्रीमंती ओसरलेली होती. तेजीच्या त्या चार वर्षांत मुंबईत जो अफाट पैसा आला त्यातला बहुतेक कागदावरच होता आणि कागदावरच नाहीसा झाला. जो शाळा, कॉलेजे आणि इस्पितळे यांच्या दगडांत गेला तो तेवढा टिकला. या विचाराने मी फार अस्वस्थ होतो, कारण आपल्या जिल्ह्यातून त्या काळात गेलेल्या कापसाच्या मानाने इथे उभी राहिलेली अशी एकही इमारत मला दाखवता येत नाही.

पांझराकाठ (साक्री)

दोघांचेही मनापासून आभार. सरकी यांनी वेळीच सावध केले हे बरे झाले, कारण मी ते वाक्य जवळपास वहीत लिहून ठेवले होते. मग आपल्या भागाचा आणि त्या कॉलेजचा काहीच संबंध उरत नाही का?

पाटकरी (धुळे)

गुरुजी, संबंध आहे, आणि तो आपल्या घराच्या फार जवळचा आहे. आपण साक्रीचे, म्हणून दातर्ती गाव आपल्याला ठाऊक असणारच.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळूरला बी. ए. होऊन म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या याच कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला आले. १८८३ साली ते परीक्षेत पहिले आले आणि त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळाले. हे बर्कले म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे पहिले मुख्य अभियंता, ज्या रेल्वेने घाट फोडून खानदेशात रूळ आणले. सरकी यांनी लिहिलेला थळ घाटातला लोहमार्ग याच रेल्वेचा. पुढच्या वर्षी, १८८४ मध्ये, विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले आणि नाशिक व खानदेश हे त्यांच्या नोकरीचे अगदी पहिले मुलूख ठरले. त्या वेळी धुळे आणि जळगाव मिळून एकच खानदेश जिल्हा होता, त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले.

त्यांच्या सुरुवातीच्या कामांतले एक होते दातर्तीला पांझरा नदीवर नळाचा सायफन बांधण्याचे. ज्यांना पाटाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाट नदीच्या एका काठाने येतो आणि पाणी पलीकडच्या काठाच्या शेतांना द्यायचे असते. पात्रावरून पूल करून नेले तर पुरात तो वाहून जाण्याची धास्ती, म्हणून पात्राखालून नळ घालायचा. पाणी एका तोंडाने खाली उतरते आणि दुसऱ्या तोंडाने स्वतःच्या जोरावर वर येते, कारण अलीकडची पातळी पलीकडच्यापेक्षा थोडी उंच ठेवलेली असते. कागदावर हे सोपे दिसते, पण पांझरेच्या वाळूत खड्डा खणून पाहिलेल्या माणसाला त्यातली अडचण लगेच कळेल. जेवढे खणावे तेवढे बाजूने ढासळते आणि खालून पाझर लागतो. विश्वेश्वरय्यांचे काम पावसाळ्यात सापडले आणि पुराने व गाळाने अडले. पाऊस सरेपर्यंत थांबावे असे त्यांनी वरिष्ठांना लिहिले, ते वरिष्ठांना रुचले नाही, आणि मग त्या तरुण अभियंत्याने त्याही परिस्थितीत काम तडीला नेले.

माझे आजोबा आमच्या गावच्या फडाचे पाटकरी होते. विश्वेश्वरय्या यायच्या आधी कितीतरी पिढ्या पांझरेच्या काठाने बंधारे होते आणि फड पद्धतीने पाणी वाटले जात होते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी कोणी स्वतः घ्यायचे नाही, पाटकऱ्याने द्यायचे. कंदील घेऊन आजोबा रात्री पाटाच्या कडेने निघत. बारे, म्हणजे पाटाच्या काठाचे तोंड, फोडायचे, शेत भिजले की मातीच्या ढेकळांनी बुजवायचे आणि पुढच्या शेतावर जायचे. स्वतःच्या शेतालाही ते आपल्या पाळीच्या आधी पाणी लावत नसत. मला असे मनापासून वाटते की विश्वेश्वरय्यांना इथे केवळ नदी भेटली नाही, तर पाणी मोजून वाटून घेणारी माणसेही भेटली. पुढे नीरेच्या कालव्यावर पाळीपाळीने पाणी देण्याची जी पद्धत त्यांनी बसवली, तिच्या मुळाशी त्यांनी तरुणपणी पाहिलेला खानदेशचा फड असावा, असे मी मानतो. हे माझे मत म्हणूनच घ्यावे.

तेव्हा पुतणीला असे सांगावे: मुंबईच्या एका व्यापाऱ्याने पन्नास हजार दिले, सरकारने उरलेले घातले, पुण्यात इमारत झाली, तिथे म्हैसूरचा एक मुलगा शिकला, आणि त्या शिक्षणाचा पहिलावहिला उपयोग ज्या ठिकाणांना झाला त्यांत आपली पांझरा आहे. यातला प्रत्येक दुवा खरा आहे.

सरकी (धरणगाव)

पाटकरी यांनी फार सुंदर लिहिले आहे. यावर मला काही हरकत घ्यायची नाही.

जुने दप्तर यांच्या अस्वस्थतेबद्दल मात्र दोन शब्द. आपल्याकडे असे दान झालेच नाही असे नाही, ते उशिरा झाले. अमळनेरचे प्रताप शेठ यांचा जन्म एकोणिसाव्या शतकातला, १८७९ चा. त्यांनी अमळनेरला कापडगिरणी काढली आणि १९१६ साली त्याच गावात तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले ते त्यांच्याच आश्रयाने. तालुक्याच्या गावी वेदान्ताच्या अभ्यासाची संस्था काढावी आणि देशभरातले विद्वान तिथे येऊन राहावेत, ही त्या वेळी साधी गोष्ट नव्हती. प्रताप कॉलेज आणि जळगावचे मूळजी जेठा कॉलेज ही दोन्ही १९४५ ची. मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली, म्हणजे मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षे गेली. तोवर आपल्या मुलांना पदवीसाठी पुणे, मुंबई नाही तर नागपूर गाठावे लागे, आणि ज्याच्या घरी तेवढा पैसा नसे तो मॅट्रिक होऊन मामलेदार कचेरीत चिकटे. माझे वडील त्यांतलेच एक. जळगावला कॉलेज निघाले तेव्हा त्यांचे शिकायचे वय उलटून गेले होते, परंतु धाकट्या काकांना त्यांनी स्वतःच्या पगारातून तिथे शिकवले आणि त्यांची बी. ए. ची चौकट आजही आमच्या ओट्यावरच्या भिंतीला आहे.

पांझराकाठ (साक्री)

सर्वांचा ऋणी आहे. पुतणीला आज रात्री फोनवर हे सगळे वाचून दाखवले. तिने सायफनचे दोनदा विचारून घेतले आणि पातळीतला फरक किती ठेवतात हे काकांना माहीत नाही असे कळल्यावर, आपण ते शिक्षकांना विचारू, असे म्हणाली. दिवाळीला ती घरी येईल तेव्हा तिला पांझरेच्या काठाने दातर्तीपर्यंत नेण्याचा विचार आहे. पाटकरीभाऊ, आपल्या गावचा फड अजून चालू असेल आणि पाणी सुटण्याचा दिवस आपण कळवाल, तर त्याच दिवशी येऊ.